दार सात वेळा

माझ्या दादाने गाडीचं दार रोज सात वेळा उघडलं आणि सात वेळा मागे ओढलं, एवढाच त्याचा गुन्हा. तसा कागदच निघाला त्याच्या नावाने, सही-शिक्क्यासकट. मी तो कागद तीनदा वाचला आणि तिन्ही वेळा माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. लोक डोंगराएवढं खाऊन ढेकर देत नाहीत, आणि इथे सत्तावन्न वर्षांच्या नाकासमोर चालणाऱ्या माणसाकडून लिहून घेतात, की होय, मी दार उघडलं. का, हा एका अक्षराचा प्रश्न विचारायला तिघांपैकी एकाचीही जीभ वळली नाही.

आधी दादा कोण ते सांगते, नाहीतर तुम्ही म्हणाल ही बाई आली ती भांडतच. भांडखोर आहेच मी, सगळ्या घराला माहीत आहे. लहानपणी दादाला कुणी ढकललं तर तो कपडे झटकून उभा राहायचा आणि ढकलणाऱ्याच्या घरी मी जायचे. तो माझ्याहून सहा वर्षांनी मोठा. पण त्याच्या वाटचं भांडण बहुतेक माझ्याच पदरात पडलं, कारण त्याला ते कधी जमलंच नाही.

दादा ड्रायव्हर. किडनी निकामी झालेल्या लोकांचं रक्त मशीनमधून शुद्ध करून देतात ना, तसल्या एका डायलिसिस केंद्राची गाडी तो अकरा वर्षं चालवतोय. ज्या पेशंटना आणायला-न्यायला घरचं कुणी नाही, त्यांना सकाळी घरून आणायचं आणि चार तास मशीनवर झाले की दुपारी घरी सोडायचं. आठवड्यातून तीन-तीन दिवस तीच तीच माणसं. त्यांची औषधं, त्यांचे जिने, कुणाला पुढे बसवलं की मळमळतं, कुणाला मागे, हे सगळं दादाला तोंडपाठ. मी गाड्यांची सीट कव्हरं शिवते, वीस वर्षं एकाच दुकानात. त्यामुळे गाडी आतून कशी तापते हे मला कुणी शिकवायला नको. काळ्या रेक्झिनच्या सीटवर दुपारी हात ठेवला तर सालटं निघायची वेळ येते. दादाच्या गाडीला मी पांढऱ्या सुती कापडाची कव्हरं शिवून दिली होती, ती त्यासाठीच.

आता सावलीचं ऐका. केंद्राच्या आवारात पत्र्याची एक शेड आहे, चार गाड्यांची. पहिली जागा मोठ्या डॉक्टरांची, दुसरी धाकट्या डॉक्टरांची, तिसरी मॅनेजरसाहेबांची, आणि चौथीवर पाटी आहे ‘पाहुणे’. अकरा वर्षांत त्या चौथ्या जागेत दादाने पाहुणा बघितलेला नाही, एक मांजर तेवढं झोपतं तिथे. पण ज्या गाडीत आजारी माणसं बसायची, ती गाडी मात्र उन्हात. का, तर पाटीवर तिचं नाव नाही. म्हणजे सावलीसुद्धा हुद्दा बघून पडते. दादाने एकदा अर्ज केला होता. उत्तर आलं नाही, आणि दादाने पुन्हा विचारलं नाही. मूग गिळून बसावं तर माझ्या भावाने.

मग त्याने स्वतःची एक रीत बसवली. दुपारी सव्वा वाजता, पेशंट बाहेर यायच्या पंधरा मिनिटं आधी, तो गाडीपाशी जायचा. मागची डावीकडची काच पूर्ण खाली करायची. मग पुढचं उजवीकडचं, म्हणजे स्वतःच्या बाजूचं दार धरायचं आणि सूप पाखडावं तसं ते उघडायचं, ओढायचं, उघडायचं, ओढायचं. धाडधाड आपटायचं नाही, लावायचंही नाही, लागायच्या जरा अलीकडून परत फिरवायचं. दाराबरोबर आतली कोंडलेली हवा ओढली जाते आणि पलीकडच्या उघड्या काचेतून ताजी आत येते. हात घालून बघा, दोन मिनिटांत फरक कळतो. पेट्रोल लागत नाही, एसी लागत नाही. केंद्राचा नियमच आहे की उभ्या गाडीचं इंजिन चालू ठेवायचं नाही, त्यामुळे दुसरा इलाज नव्हताच. नंतर ओल्या फडक्याने स्टिअरिंग आणि सीटच्या कडा पुसायच्या. आणि पट्ट्यांच्या बक्कलांवर दादाने आपले जुने पायमोजे चढवून ठेवलेले असायचे, कारण ती धातूची बक्कलं उन्हात इस्त्रीसारखी तापतात. त्या मोज्यांना इलॅस्टिक मीच लावून दिलं होतं.

दार सात वेळा. कधी आठ नाही, कधी सहा नाही. मी त्याला चिडवायचे, “काय रे, मंत्र पुटपुटतोस काय मोजून?” तो म्हणायचा, “सहाने हवा निवते.” मी म्हणायचे, “मग सातवा कशाला?” तो हसायचा आणि विषय बदलायचा, आणि मीही तो बदलू द्यायचे.

यंदा उन्हाळ्याच्या सुरुवातीला वरच्या ऑफिसातून हुकूम आला आणि गाडीला एक डबी बसली. गाडी कुठे गेली, किती थांबली, दार किती वेळा उघडलं, सगळं ती मॅनेजरसाहेबांच्या मोबाईलवर कळवते. डबीला डोळे नाहीत. तिला एवढंच कळतं की दार उघडलं. दादाची अकरा वर्षं एकीकडे आणि ही दीड महिन्याची डबी एकीकडे, कानामागून आली आणि तिखट झाली.

महिन्याचा रिपोर्ट निघाला. साहेबांनी हिशोब मांडला तो असा: दिवसाला घरी सोडलेली माणसं तीन, दुपारच्या फेरीत दारं उघडली सोळा-सतरा वेळा. म्हणजे मधल्या वेळात दादा रस्त्यावरून बाहेरची माणसं उचलतो, पेशंटच्या गाडीत भाडी मारतो. डोक्याला ताप नको म्हणून माणूस डोकंच वापरत नाही, ते हे असं.

दादाला आत बोलावलं. समोर तिघं बसलेले. त्यांनी विचारलं, “दार एवढ्या वेळा तुम्हीच उघडता?”

दादा म्हणाला, “हो.”

“रोज?”

“हो, रोज.”

“कुणाची परवानगी घेतली होती?”

“नाही.”

झालं. हात दाखवून अवलक्षण. त्यांनी कागद पुढे सरकवला, त्यात हेच तीन प्रश्न आणि हीच तीन उत्तरं. सगळं खरंच होतं, म्हणून या शहाण्याने सही केली. खाली छापलेलं होतं, ‘वरील कबुलीनुसार चौकशी पूर्ण होईपर्यंत गाडीच्या चाव्या जमा कराव्यात.’ कबुली हा शब्द त्याने वाचला, पण त्याला वाटलं की खरं बोललं की त्याला कबुलीच म्हणत असतील.

हे मला दादाने सांगितलं नाही. वहिनीचा फोन आला. दुकानात मशीन चालू होतं, आवाज नीट ऐकूही येईना. “वन्सं, जरा येऊन जाता का?” एवढंच म्हणाली. वहिनीने मला फोन करावा ही गोष्ट बारा वर्षांत घडली नव्हती. मी सुई तशीच कापडात ठेवून उठले.

बारा वर्षांचं ते कारणही सांगून टाकते. आमच्या आईलाही किडनीचाच आजार होता. शेवटच्या वर्षी ती दादाकडे असायची, तेव्हा दादा नुकताच स्वतःची टॅक्सी चालवायला लागला होता. भर उन्हाळ्यात मी एकदा आईला भेटायला गेले, तर तिच्या उजव्या हातावर, मनगटाच्या जरा वर, दोन बोटं रुंद फोड. मी म्हटलं, “भाजलं?” आई म्हणाली, “हो गं, जरासं.” माझ्या डोळ्यांपुढे सगळं लख्ख उभं राहिलं. मशीनवरून येऊन जिला धड उभंही राहवत नाही, तिला सुनेने गॅसपाशी उभं केलं. मी तडक स्वयंपाकघरात गेले आणि वहिनीला नाही नाही ते बोलले. आजारी सासूकडून स्वयंपाक करून घेणारी बाई म्हटलं, आणि शेवटी हेही म्हटलं, की तुझ्या हातचं पाणी मी पिणार नाही. ती एक शब्द बोलली नाही. मी समजले, खोटं पाडायला तोंडच नाही हिला. दादा तेव्हा बाहेर होता. त्याला मी सांगितलं नाही, भाऊ-भावजयीत कशाला वितुष्ट घाला. तिनेही सांगितलं नसावं. सांगेल कशी, मला वाटायचं, तिचंच पितळ उघडं पडेल. तीन महिन्यांनी आई गेली. तेव्हापासून मी दादाच्या घरी पुढच्या खोलीपर्यंतच जाते आणि स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडत नाही.

तर त्या दिवशी गेले. दादा पुढच्या खोलीत खुर्चीत बसलेला, मांडीवर ते मोजे. बक्कलांवरचे काढून आणले होते.

“हे का आणलेस?”

“माझे आहेत ना,” तो म्हणाला. “गाडी त्यांची, मोजे माझे.” मग थोड्या वेळाने म्हणाला, “नोकरीचं काही नाही गं. पण उद्यापासून त्या पेशंट लोकांना सांगतील, हा तुमच्या गाडीत भाडी भरत होता. त्यातल्या मास्तरीणबाईंना काय वाटेल?” आणि माझ्या भावाने तोंड फिरवलं. मी त्याला आईच्या वेळेनंतर कधी तसं बघितलं नव्हतं.

वहिनी दारात उभी होती. म्हणाली, “हे काही बोलणार नाहीत. तुम्हीच जा.” मी म्हटलं, “जाणारच आहे.” एवढंच आमचं बोलणं.

दुसऱ्या दिवशी दुपारची सुट्टी घेतली आणि एक वाजता केंद्रात हजर झाले. बाहेर डांबराला चपला चिकटत होत्या आणि मॅनेजरसाहेब आपल्या खोलीत बिनबाह्यांचं स्वेटर घालून बसलेले. उन्हाळ्यात स्वेटर. एसी एवढा वाढवून ठेवला होता. खिडकीचे पडदे घट्ट ओढलेले. मी तिथेच अर्धी पेटले.

“आपण कोण?”

“ज्याच्याकडून काल कबुली घेतलीत त्याची बहीण.”

“हे बघा बाई, हे संस्थेचं अंतर्गत प्रकरण आहे.”

“माझा भाऊ हे माझंही अंतर्गत प्रकरण आहे,” मी म्हटलं आणि खुर्ची ओढून बसले.

त्यांनी मोबाईल माझ्याकडे वळवला. तारखा, वेळा, आणि प्रत्येक वेळेपुढे लाल ठिपके. “हे मशीन सांगतंय. मी माझ्या मनचं बोलत नाही. आणि त्यांनी स्वतः कबूल केलंय.”

“काय कबूल केलंय?”

“दार उघडल्याचं.”

“दार उघडायलाच असतं ना हो? तुम्ही गाडीत काय खिडकीतून उतरता?”

“पण सतरा वेळा?”

“आणि ती बाकीची माणसं बसली कुठे? त्या गाडीच्या मागच्या सीटचं माप माझ्याकडे आहे, कव्हरं मी शिवलीत. तिसरा माणूस बसला तर चौथ्याला टपावर ठेवावं लागेल. आणि हे बघा, तुमचे हे जास्तीचे ठिपके सव्वा ते दीडच्या मधले. त्या वेळी गाडी कुठे होती, तेही मशीनला विचारा की.”

त्यांनी विचारलं. म्हणजे बोटाने खालीवर केलं. गाडी आवारातच होती. साहेब म्हणाले, “म्हणजे आवारातूनच माणसं भरायचे.” साप म्हणून भुई धोपटायची, आणि साप निघाला नाही तर भुईवरच आळ घ्यायचा.

मी पुढे काय बोलले असते कोण जाणे, पण दार ढकलून नर्स आत आली. “साहेब, मास्तरीणबाई गाडीत बसत नाहीत. आणि त्या बसत नाहीत म्हणून बाकीचे दोघंही बसत नाहीत.”

मास्तरीणबाई सत्तरीच्या. पस्तीस वर्षं शाळेत शिकवलेलं, घरी एकट्या. मी त्यांना पहिल्यांदाच बघत होते, पण दादाकडून इतकं ऐकलेलं की लगेच ओळखलं. पायरीपाशी व्हीलचेअरवर बसलेल्या, दंडाला पट्टी, चेहरा कागदासारखा. चार तास मशीनवर काढले की माणसाचा रक्तदाब-बिब सगळा खाली आलेला असतो, उभं राहिलं तर घेरी येते. समोर दादाची गाडी, चारही काचा बंद, मागचं दार तेवढं उघडून धरलेलं. धरून उभे होते ते साहेबांच्या स्वतःच्या गाडीचे ड्रायव्हर, आजच्यापुरते या कामाला लावलेले. बिचाऱ्यांची चूक नव्हती. त्यांची गाडी कायम शेडमध्ये असते, त्यांना काय माहीत. उघड्या दारातून धग पायरीपर्यंत येत होती.

“बसा ना आजी, निघालो की एसी लावतो,” ते अजिजीने म्हणत होते.

“आधी वारा घाला,” मास्तरीणबाई म्हणाल्या. आवाज खोल गेलेला, पण वर्गातला होता.

“कसला वारा?” साहेबांनी विचारलं.

“तो घालतो तसा, दाराने. रोज तुमच्याच खिडकीखाली घालतो. तुम्ही कधी बघितलं नाहीत?”

साहेबांनी वर आपल्या खिडकीकडे पाहिलं. पडदे ओढलेलेच होते.

माझं बोलून झालं होतं. गाडीशी गेले, मागची डावी काच खाली केली, फिरून आले आणि पुढचं दार दोन्ही हातांनी धरलं. उघडलं. साहेबांच्या हातातला मोबाईल वाजला, टिंग. ओढलं, पुन्हा उघडलं. टिंग. मास्तरीणबाई मोजायला लागल्या, पाढे म्हणून घेतात तशा संथ. दोन. तीन. मागे व्हीलचेअर धरून उभी असलेली नर्स हसायला लागली. आतली हवा भपकन तोंडावर यायची, डोळे मिटावेत अशी. चार. पाच. माझे दंड भरून आले आणि मनात आलं, हे हा सत्तावन्नाव्या वर्षी रोज करतो. सहा. सात. टिंग.

“मोजा आता,” मी साहेबांना म्हटलं. “सात झाले ना? माणसं किती चढली?”

साहेब मोबाईलकडे बघत राहिले.

“त्याला कुणी विचारलंच नाही का, का उघडतोस म्हणून?” मास्तरीणबाईंनी विचारलं. मग गाडीच्या सीटकडे बघून म्हणाल्या, “आणि बक्कलांवरचे मोजे कुठे गेले?”

“दादाने घरी नेले,” मी म्हटलं. “त्याचे स्वतःचे होते.”

कसले मोजे, म्हणून साहेबांनी वाकून मागच्या सीटवरच्या बक्कलला हात लावला आणि चटका बसून हात झटकला. बोटं तोंडाशी नेली. खरं सांगते, त्या दिवसभरात मला तेवढंच एक बरं वाटलं.

साडेतीनला कागद निघाला. मला वाटलं, निदान दोन ओळींची माफी असेल. कागदावर होतं: ‘सदर प्रकरणी गैरसमज झाल्याचे आढळले. चाव्या परत करण्यात याव्यात. तथापि यापुढे दार हलवण्यापूर्वी वेळेची नोंद वहीत करावी.’ तथापि. ज्याने चूक केली त्याने तथापि लिहायचं आणि ज्याच्यावर आळ आला त्याने वहीत वेळ लिहायची. मी विचारलं, “आणि माफी?” तर म्हणाले, “तशी पद्धत नाही.” मी विचारलं, “आणि चौथी जागा, मांजराची?” म्हणाले, “विचार करू.” चोर सोडून संन्याशाला फाशी द्यायला निघाले होते, आणि फाशी रद्द झाली यातच संन्याशाने धन्यता मानायची.

संध्याकाळी चाव्या घेऊन दादाकडे गेले. दादाने त्या उलट्यासुलट्या करून बघितल्या आणि भिंतीवरच्या खिळ्याला लावल्या. मास्तरीणबाई काय म्हणाल्या ते त्याने दोनदा सांगायला लावलं. मग मोजे धुऊन दोरीवर वाळत घातले. वहिनी पुढच्याच खोलीत जमिनीवर मटार सोलत बसली होती. माझी तोफ अजून थंड झाली नव्हती.

“तीन माणसं,” मी म्हटलं, “तिघंही शिकलेली. समोर माणूस बसलाय, त्याला तोंड आहे. पण याला विचारायचं नाही. हो म्हणाला ना, मग झालं, पुढची गोष्ट आम्हीच रचतो. का, एवढं विचारलं असतं तर काय यांच्या जिभेला फोड आले असते? आणि तू रे, तुला सांगता येत नव्हतं?”

“त्यांनी विचारलं नाही,” दादा म्हणाला.

“धन्य आहेस. बरं, आता मी विचारते. सहाने हवा निवते असं तूच म्हणतोस. मग सातवा का?”

मी ते चिडवायलाच विचारलं होतं. दादा हसला नाही. वहिनीच्या हातातली शेंग सोलायची थांबली.

“आईच्या वेळी दार एकदाही नाही हलवलं मी,” तो म्हणाला. “ते राहून गेलं.”

“म्हणजे?”

“टॅक्सी नवीन होती. मला कुठे काय माहीत? तिला मशीनवरून आणायला गेलो, गाडी तीन तास उन्हात. घाई होती, पुढचं गिऱ्हाईक होतं. तिला पुढे बसवलं आणि निघालो. ती डोळे मिटून पडून होती. मी विचारलं, बरं आहे ना? तर म्हणाली, छान आहे हो तुझी गाडी. घरी येऊन उतरवताना बघितलं तर तिचा हात बक्कलवर. तसाच पडलेला, अख्खा रस्ताभर. तिला ग्लानी होती, हात उचलायचीही ताकद नव्हती. किंवा उचलला नसेल, मला वाईट वाटेल म्हणून. मला नाही माहीत. आजारी माणूस सांगत नाही गं. आपणच बघायचं असतं.” मग तो हळूच म्हणाला, “ती गेल्यावर टॅक्सी विकली. चालवता येईना.”

“कुठला हात?” मी विचारलं, जसं काही मला माहीत नव्हतं.

“उजवा. मनगटाच्या वर.”

 मी वहिनीकडे बघितलं. ती मान खाली घालून मटार सोलत होती, एकेक दाणा अंगठ्याने ढकलत. भाजलं? हो. मीही एवढंच विचारलं होतं, आणि पुढची गोष्ट मीच रचली होती. निदान त्या तिघांनी कागदावर सही तरी घेतली होती. मी तर उचलली जीभ आणि लावली टाळ्याला.

“वहिनी,” मी म्हटलं, “तुम्ही सांगितलं का नाहीत?”

“तुम्ही विचारलंत कुठे, वन्सं?” तिच्या आवाजात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं. “आणि सांगितलं असतं तर तुम्ही ह्यांच्यावर तुटून पडला असता. हे तेव्हा जेवत नव्हते की झोपत नव्हते. माझ्यावर चिडलात ते परवडलं. मी काय, परकीच होते.”

“कशाबद्दल चाललंय तुमचं?” दादाने विचारलं.

“काही नाही हो,” वहिनी म्हणाली. “जुनं आहे. जाऊ द्या.”

“नाही जाऊ द्यायचं,” मी म्हटलं. आणि दादाला सगळं सांगितलं, तिच्यासमोर. काय बघितलं, काय समजले, तिला काय काय बोलले. एकही शब्द सौम्य केला नाही. पाण्याचंही सांगितलं. सांगताना रडू आलं, आणि राग मात्र कुणावर काढावा ते कळेना, कारण या वेळी समोर स्वेटर घालून कुणी बसलेलं नव्हतं.

दादाने सगळं ऐकून घेतलं. मग बायकोकडे बघून एवढंच म्हणाला, “बारा वर्षं?”

वहिनी उठायला लागली. सोललेल्या मटारांचं भांडं कमरेला लावून म्हणाली, “भात टाकते. जेवूनच जा आता.”

मी तिच्या हातातून भांडं घेतलं. “तुम्ही बसा,” म्हटलं, आणि बारा वर्षांनी त्या स्वयंपाकघराचा उंबरा ओलांडून गॅसपाशी उभी राहिले.